पिकअपच्या कसोटीवर टियागो ईव्ही आणि कॉमेट : बडोद्याच्या रस्त्यांवरची तुलना

विजेवर चालणारी छोटी गाडी घ्यायला निघालेला बडोदेकर शोरूममध्ये शिरला की आधी एका चार्जमध्ये गाडी किती चालते हे विचारतो आणि मग किमतीकडे वळतो. पिकअपबद्दल, म्हणजे पेडल दाबल्यावर गाडी किती चटकन वेग घेते याबद्दल, सहसा कोणी काही विचारत नाही, कारण विजेची गाडी म्हटली की पिकअप चांगलाच असणार अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. टाटांची टियागो ईव्ही आणि एमजीची कॉमेट या दोन्ही गाड्या मी याच शहरात बराच काळ चालवत आलो आहे. पिकअपचा प्रश्न दोन भागांत विचारल्याशिवाय या दोघींमधला खरा फरक कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. शून्यापासून ताशी 40 किलोमीटरपर्यंत गाडी कशी जाते हा एक भाग झाला आणि 40 पासून 80 पर्यंत ती कशी पोहोचते हा दुसरा. पहिल्या भागात या दोन गाड्या जवळजवळ शेजारी-शेजारी उभ्या असतात, तर दुसऱ्या भागात त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

टियागो आमच्या घरची आहे आणि कॉमेट माझ्या भाच्याची आहे, हे आधीच सांगितलेले बरे. भाचा अलकापुरीतल्या कार्यालयात रोज तीच गाडी घेऊन जातो आणि गरज पडेल तसे आम्ही एकमेकांच्या गाड्या वापरतो. टियागोचे मॉडेल 24 किलोवॅट-तासांच्या मोठ्या बॅटरीचे आहे. कॉमेटची बॅटरी 17.3 किलोवॅट-तासांची आहे. बडोद्यात या दोन गाड्यांची तुलना करण्याला एक वेगळेच औचित्य आहे, कारण दोन्ही गाड्या गुजरातमध्येच तयार होतात. टियागो साणंदला बनते, तर कॉमेट इथून जवळच असलेल्या हालोलच्या कारखान्यात.

आता आकड्यांकडे वळू. टियागो ईव्ही 2022 च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत 8.49 लाख रुपये होती. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमधली मोटर 75 पीएस शक्ती आणि 114 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि पुढची चाके फिरवते. कॉमेट 2023 मध्ये 7.98 लाखांपासून आली. तिची मोटर 42 पीएस आणि 110 न्यूटन-मीटरची असून ती मागे बसवलेली आहे आणि मागचीच चाके फिरवते. कॉमेटची लांबी तीन मीटरांपेक्षाही थोडी कमी, म्हणजे 2,974 मिलिमीटर आहे, आणि टियागोची 3,769 मिलिमीटर. कॉमेटचे वजन हजार किलोच्या आत राहते, तर टियागो हजाराच्या वर जाते. टियागोच्या या मॉडेलसाठी टाटांनी शून्य ते 60 हा वेग 5.7 सेकंदांत गाठला जातो असे जाहीर केलेले आहे.

या आकड्यांतली एक जोडी नीट पाहावी. टॉर्क 114 आणि 110 म्हणजे जवळजवळ सारखाच, पण शक्ती 75 आणि 42, म्हणजे पावणेदोन पटीहून अधिक फरक. विजेची मोटर सुरुवातीपासून पूर्ण टॉर्क देऊ शकते, मात्र फेऱ्यांच्या एका मर्यादेनंतर तिची शक्ती स्थिर राहते आणि टॉर्क उतरू लागतो. ही मर्यादा शक्ती आणि टॉर्क यांच्या गुणोत्तरावरून काढता येते. कॉमेटच्या बाबतीत ती मिनिटाला सुमारे 2,700 फेऱ्यांवर येते आणि टियागोच्या बाबतीत सुमारे 4,600 फेऱ्यांवर. याचा अर्थ असा की सिग्नलवरून निघताना दोन्ही मोटरी साधारण सारख्याच जोराने ढकलतात आणि कॉमेट वजनाने हलकी असल्याने तिथे तिला काहीसा लाभही मिळतो. पण कॉमेटची मोटर लवकर दमते, आणि टियागोची मोटर त्यानंतरही बराच काळ तितक्याच नेटाने ओढत राहते.

दुसरे गणित वेगाचे आहे. गाडीला दिलेली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 40 वरून 80 वर जायला जी ऊर्जा लागते ती शून्यावरून 40 वर जायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तिप्पट असते, जरी वेगातली वाढ दोन्हीकडे 40 चीच दिसत असली तरी. त्यातच हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर खर्च होणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ज्या मोटरीकडे एकूण 31 किलोवॅटच, म्हणजे कॉमेटचे 42 पीएस, आहेत तिच्या हाती हा खर्च वजा करून वेग वाढवण्यासाठी थोडेच उरते, तर टियागोच्या 55 किलोवॅटच्या, म्हणजे 75 पीएसच्या, मोटरीला तोच खर्च तितका जाणवत नाही. कॉमेट उंच आणि चौकोनी आहे, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. कागदावरचे हे गणित रस्त्यावर तंतोतंत अनुभवाला येते.

प्रत्यक्ष तुलनेसाठी आम्ही काही नियम पाळले. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्या होत्या, टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे होती, गाडीत दोनच माणसे होती आणि वातानुकूलन चालू होते, कारण बडोद्याच्या उन्हाळ्यात ते बंद ठेवून कोणी गाडी चालवत नाही. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतला सरळ रस्ता सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी अगदी मोकळा असतो. तिथे एका गाडीने आधी आणि दुसरीने नंतर एकाच खुणेपासून निघून कोणत्या दिव्याच्या खांबाशी कोणता वेग गाठला जातो हे आम्ही पाहत गेलो. मोबाइलच्या घड्याळावर हाताने घेतलेल्या सेकंदांवर माझा विश्वास नाही. बटण दाबण्यातच इतका वेळ इकडे-तिकडे होतो की पाच-सहा सेकंदांच्या मोजणीला अर्थ उरत नाही. खांब मात्र जागचे हलत नाहीत.

चाळीसचा वेग दोन्ही गाड्यांनी इतक्या जवळजवळच्या अंतरात गाठला की त्यावरून कोणाला कमी लेखावे असे काही हाती लागले नाही. साठला फरक स्पष्ट झाला. टियागोने साठ गाठला त्या खांबाच्या बऱ्याच पुढे कॉमेटने तो गाठला. त्यापुढच्या वेगासाठी तो रस्ता योग्य नव्हता, म्हणून आम्ही तिथे थांबलो आणि उरलेली तुलना महामार्गावर, रहदारीच्या नियमांत राहून केली.

शहरातला अनुभव मात्र केवळ आकड्यांत मावणारा नाही. दांडिया बाजारातून खंडेराव मार्केटकडे जाताना सिग्नल सुटला की डावी-उजवीकडून दुचाक्या एकदम पुढे सरसावतात, समोर एखादी रिक्षा आडवी वळत असते आणि मागच्या मोटारीचा हॉर्न दिवा हिरवा होण्याआधीच वाजू लागलेला असतो. अशा वेळी गाडी किती जोरात सुटते याहून ती पायाचे किती ऐकते याला महत्त्व आहे. कॉमेट या बाबतीत मला फार आवडली. पेडल हळू दाबले तर ती हळूच सरकते, आणखी दाबले तर तेवढीच पुढे जाते, आणि पहिल्या काही मीटरांत कुठेही हिसका बसत नाही. एमजीने तिची सुरुवात मुद्दाम सौम्य ठेवलेली आहे. मागच्या चाकांना जोर मिळत असल्यामुळे स्टिअरिंगवर त्याचा काही परिणाम होत नाही. वळणाची त्रिज्या फक्त 4.2 मीटर असल्यामुळे रावपुऱ्यातल्या अरुंद जागेतून निघून ती लगेच वेग धरते, आणि तिच्या आकाराच्या गाडीला जी फट पुरते ती टियागोला पुरत नाही. त्यामुळे मांडवी-लहरीपुरा भागात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॉमेट बऱ्याचदा आधी पोहोचते, आणि त्याला पिकअपइतकेच तिचे आखूडपणही कारणीभूत असते.

टियागो शहरात दोन स्वभावांची गाडी वाटते. सिटी मोडमध्ये ती शांत आणि आज्ञाधारक असते, किंबहुना पहिल्यांदा चालवणाऱ्याला ती जरा सुस्तच वाटेल. स्पोर्ट मोडमध्ये घातली की तीच गाडी एकदम ताणून धरलेल्या धनुष्यासारखी सुटते. हा फरक इतका मोठा आहे की मोड बदलल्याचे मागे बसलेल्या माणसालाही न सांगता कळते. आईला घेऊन सूरसागरच्या बाजूने जाताना एकदा मी स्पोर्ट मोडमध्येच निघालो, तेव्हा मागून लगेच सूचना आली, "अरे, मी मागे बसले आहे, जरा बेताने!" वयस्कर माणसे बरोबर असताना शहरात सिटी मोडच ठेवावा, हे माझे मत त्यापूर्वीही होते आणि आजही आहे.

टियागोच्या या जोराला एक मर्यादा आहे आणि ती पावसाळ्यात जाणवते. गाडी जोरात पुढे निघते तेव्हा वजन मागच्या चाकांकडे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. टियागोत जोर नेमका पुढच्याच चाकांना मिळतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावर, किंवा खोदकामानंतर पसरलेल्या बारीक रेतीवर, स्पोर्ट मोडमध्ये पेडल एकदम दाबले तर पुढची चाके क्षणभर जागच्या जागी फिरतात. वळण घेत असताना असे झाले तर स्टिअरिंग हातात किंचित ओढ घेते. चाकांना घसरू न देणारी ट्रॅक्शनची यंत्रणा लगेच आवर घालते, पण तोवर जो वेग मिळायचा तो मिळालेला नसतो. कॉमेटमध्ये वजन आणि जोर दोन्ही मागेच असल्याने, आणि मुळात जोरच कमी असल्याने, असा अनुभव मला आला नाही. तिचे दुखणे वेगळे आहे. तिची चाके फक्त 12 इंची आहेत. खड्डा किंवा गतिरोधक आला की ती इतकी उसळते की चालकाचा पाय आपोआप पेडलवरून उचलला जातो, आणि मग तोच वेग पुन्हा पहिल्यापासून गोळा करावा लागतो.

चढावर काय होते हे पाहायला बडोद्यात डोंगर नाही, पण गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीकडे जाणारा लांबलचक उड्डाणपूल आहे. पुलाच्या तोंडाशी वेग कमी झालेला असताना चार माणसे घेऊन वर चढणे ही छोट्या गाडीची चांगली परीक्षा असते. कॉमेटमध्ये चार माणसे बसली की त्यांचे वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने बरेच मोठे ठरते, आणि दोघांना घेऊन चपळ वाटलेली गाडी चौघांना घेऊन ओझ्याखाली आल्यासारखी चालते. ती चढते, मागे पडत नाही, परंतु समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा एकेक करून वाढताना दिसतो. टियागोत याच जागी फक्त पेडल थोडे अधिक दाबावे लागते. ज्यांच्या घरात गाडी बहुतेक वेळा भरलेली असते त्यांनी ही गोष्ट किमतीइतकीच मनावर घ्यावी.

आता महामार्ग, आणि या तुलनेत मला सर्वांत जास्त जे सांगायचे आहे ते इथेच आहे. बडोद्याहून बाहेर पडणाऱ्याला दोन रस्ते नेहमीचे आहेत. दुमाडकडून अहमदाबादला जाणारा 93 किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग हा एक, आणि हालोलमार्गे पावागढकडे जाणारा टोलचा रस्ता हा दुसरा. द्रुतगती मार्गावर प्रवेश करताना बाजूच्या पट्ट्यातून मुख्य प्रवाहात मिसळावे लागते, आणि तिथे मागून येणारी वाहने 80 ते 100 च्या वेगात असतात. मिसळायला मिळणारा रस्ता संपण्यापूर्वी आपला वेग त्यांच्या जवळ नेता आला नाही तर एक तर थांबून वाट पाहावी लागते किंवा मागच्याला ब्रेक दाबायला लावून आत शिरावे लागते. पहिला पर्याय गैरसोयीचा आहे, तर दुसरा धोक्याचा.

टियागो स्पोर्ट मोडमध्ये हे काम निर्वेधपणे करते. पन्नासच्या आसपास पेडल दाबल्यावर ती ज्या तत्परतेने सत्तर आणि ऐंशीपर्यंत जाते त्या तत्परतेने या किमतीतल्या बऱ्याच पेट्रोल गाड्या जात नाहीत, कारण त्यांना आधी गिअर उतरवावा लागतो आणि त्यात एक क्षण जातो. ऐंशीनंतर तिचाही उत्साह ओसरू लागतो, पण तोवर काम झालेले असते. कॉमेटमध्ये याच जागी साठनंतर वेग चढण्याची गती उतरते, आणि सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान पेडल तळाला टेकलेले असूनही काही घडत नाही असे वाटण्याइतका वेळ जातो. तिचा कमाल वेगच मुळी शंभरच्या आसपास आहे, त्यामुळे ऐंशीला ती स्वतःच्या मर्यादेच्या जवळ आलेली असते. भाचा तिला रोज चालवतो, आणि त्याचे म्हणणे मला नेमके वाटते : "मामा, साठपर्यंत तिच्याकडे काहीही मागा. पुढचं मात्र आधी ठरवून मागावं लागतं."

हालोलच्या रस्त्यावर ट्रकची रहदारी मोठी आहे आणि तिथे हा फरक दर काही मिनिटांनी समोर येतो. साठच्या वेगाने जाणाऱ्या लांब ट्रकच्या मागून बाहेर पडून त्याला ओलांडायचे तर टियागोत आरशात पाहून, दिवा देऊन, लेन बदलली की काम होते. कॉमेटमध्ये मात्र त्याआधी मागे बरेच अंतर मोकळे आहे ना, हे पुन्हा पाहून घ्यावे लागते. शेजारून मोठा ट्रक जाताना हवेचा झोत बसतो तेव्हा तीन मीटरांची, उंच आणि हलकी गाडी हलते, आणि अशा क्षणी हाताशी शिल्लक जोर नसणे मला मान्य होत नाही. माझ्या दृष्टीने पिकअप हा शौकाचा विषय नसून अडचणीतून लवकर बाहेर पडण्याची सोय आहे, आणि महामार्गावर कॉमेटकडे ती सोय पुरेशी नाही. एमजीनेही ही गाडी शहरातली गाडी म्हणूनच पुढे आणलेली आहे. त्यामुळे हा तिच्या रचनेतला दोष नव्हे, तर तिच्या कामाची ठरलेली हद्द आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. पण खरेदी करणाऱ्याला ती हद्द स्पष्ट माहीत असायला हवी.

वेग कमी करण्याबद्दल थोडक्यात. दोन्ही गाड्यांत पेडलवरून पाय उचलल्यावर मोटर उलट काम करून बॅटरीत वीज परत भरते, आणि त्याचा जोर चालकाला निवडता येतो. शहरात जास्त जोराचा टप्पा ठेवला की दोन्हीकडे ब्रेक कमी वापरावा लागतो.

बॅटरीच्या पातळीचा पिकअपवर परिणाम होतो ही गोष्ट मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. पातळी फार खाली गेली की बॅटरीला जपण्यासाठी यंत्रणा मोटरीला मिळणारी शक्ती मर्यादित करते. बाजारात आणताना कंपनीने जाहीर केलेला पल्ला कॉमेटसाठी 230 किलोमीटर आणि या टियागोसाठी 315 किलोमीटर होता, पण प्रत्यक्ष रस्त्यावर तो दोन्हीकडे बराच कमी भरतो. म्हणजे गावाबाहेरून परत येताना, बॅटरी तळाकडे आलेली असतानाच नेमका महामार्गाचा टप्पा पार करायचा असतो. शिवाय टियागोला डीसी जलद चार्जर लावता येतो आणि त्यावर ती 10 वरून 80 टक्क्यांवर सुमारे 57 मिनिटांत येते, त्यामुळे वाटेत थांबून बॅटरी पुन्हा भरून घेण्याचा मार्ग तिच्याकडे आहे. कॉमेटला तो चार्जर लावताच येत नाही.

टियागो घेणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. हीच गाडी 19.2 किलोवॅट-तासांच्या लहान बॅटरीतही मिळते, पण तिच्यात मोटरही लहान, म्हणजे 61 पीएस आणि 110 न्यूटन-मीटरची येते. तिच्यासाठी टाटांनी सांगितलेला शून्य ते 60 चा वेळ 6.2 सेकंद आहे. अर्ध्या सेकंदाचा हा फरक किरकोळ वाटतो, परंतु वर मांडलेल्या गणिताप्रमाणे तो साठच्या पुढे रुंदावत जातो. महामार्गावर नियमित जाणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी लहान बॅटरी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझा निवाडा सरळ आहे. फतेहगंज ते मांजलपूर एवढ्याच परिघात ज्याचे सर्व व्यवहार होतात, बरोबर क्वचितच दोनाहून अधिक माणसे असतात आणि बाहेरगावी जायला घरात दुसरी गाडी आहे, त्याने कॉमेट निःशंकपणे घ्यावी. चाळीसच्या आतल्या शहरात तिची सौम्य पण तत्पर चाल टियागोपेक्षाही अधिक सुखाची आहे. ज्याच्या घरात एकच गाडी असणार आहे त्याने मात्र मोठ्या बॅटरीची टियागोच घ्यावी.

आणि कोणतीही घ्यायची असली तरी शोरूमभोवतीच्या दोन चौकांत गाडी फिरवून निर्णय घेऊ नये, कारण तिथे चाळीसच्या पुढे जायला वावच नसतो आणि दोन्ही गाड्या सारख्याच चांगल्या वाटतात. चार माणसे बसवून, बॅटरी निम्म्याहून खाली असताना, वातानुकूलन चालू ठेवून दुमाडपर्यंत गाडी नेऊ द्या, असा आग्रह विक्रेत्याकडे धरावा, आणि तिथे 50 वरून 80 वर जाताना पायाखाली काय जाणवते ते स्वतः पाहावे.